परीक्षकानें मीठ कोणाचें खावें?

आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं एका मराठी वाहिनीकडे कार्यक्रम आखण्याचें काम करतो. मोबाईल, मिक्सर, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करण्याचें यंत्र इत्यादि घरोघरीं लागणाऱ्या उपकरणांची परीक्षा करून दाखविणारी अर्ध्या तासाची मालिका काढावी, असें त्याच्या मनांत आहे. त्यानें आपला आराखडा आमच्याकडे धाडला व सोबत एक शंका लिहिली: “सर, प्रामाणिक राहावें तर कार्यक्रम रूक्ष होतो, आणि रंजक करूं जावें तर खोटेपणा शिरतो. दोन्ही कसें साधावें?” ही शंका त्याच्या एकट्याची नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांतूनही असलीं यंत्रपरीक्षणें आवडीनें पाहिलीं जातात, आणि पुष्कळदा त्यांवर भिस्त ठेवून दहा-वीस हजारांची वस्तु घरांत येते. म्हणून तिचा विचार येथें सर्वांसमक्ष करणें आम्हांस उचित वाटतें.

तांब्याचें भांडें वाजवून घेतां येतें, तूप हुंगून घेतां येतें, लुगड्याचा पोत बोटांनीं चाचपतां येतो. तेथें परीक्षा घेणाऱ्याच्याच हातीं असते. यंत्राचें पोट मात्र बंद. तें उघडून पाहण्याची विद्या बहुतेकांस नसते. त्यामुळें दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहणें भाग पडतें. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत एक फसलेली खरेदी म्हणजे कित्येकदा आजोबांची औषधें किंवा नातवाची फी पुढें ढकलणें होय. तेव्हां हा उसना डोळा निर्मळ आहे कीं नाहीं, हा प्रश्न केवळ करमणुकीचा म्हणतां येत नाहीं.

आतां रंजन आणि सत्य यांचें खरोखर वैर आहे काय, तें एका घरगुती उदाहरणानें पाहूं. कित्येक गृहसंस्थांतून पाण्याचें यंत्र विकणारे लोक एक प्रयोग करून दाखवितात. दोन पेले मांडतात. एकांत नळाचें पाणी, दुसऱ्यांत यंत्रांतून आलेलें. दोहोंत धातूच्या कांड्या बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. थोड्याच वेळांत नळाचें पाणी तांबूस व गढूळ होतें. यंत्राचें पाणी जसेंच्या तसें राहतें. “हें तुम्ही रोज पितां!” असें विक्रेता म्हणतो, आणि पाहणारांचे चेहरे उतरतात. वस्तुतः तो मळ पाण्यांतला नसतो. नळाच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असल्यामुळें त्यांतून वीज वाहते. वीज वाहिली कीं लोखंडाची कांडी झिजते, आणि तिचाच गंज पाण्यांत उतरतो. यंत्राच्या पाण्यांतून क्षार काढलेले असतात, म्हणून तेथें वीज फारशी वाहत नाहीं व कांडीही झिजत नाहीं. त्या निर्मळ पेल्यांत चिमूटभर मीठ टाकून कांड्या पुनः बुडवाव्या, म्हणजे तें ‘शुद्ध’ पाणीही तसेंच गढूळतें!

हा मिठाचा प्रयोग दूरचित्रवाणीवर दाखविला तर तो रूक्ष होईल काय? पेले तेच, कांड्या त्याच, उत्कंठाही तीच. अधिक लाभ एवढाच कीं प्रेक्षकास आतां कारण कळलें. मात्र येथेंच टाळी घेऊन थांबणारा कार्यक्रम अर्धाच प्रामाणिक ठरेल. विक्रेत्याची युक्ति खोटी होती, एवढ्यावरून यंत्र निरुपयोगी असें सिद्ध होत नाहीं. जेथें कूपनलिकेचें पाणी खारें असतें तेथें तें फार उपयोगी पडतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेल्या घन द्रव्यांची इष्ट मर्यादा लिटरास ५०० मिलिग्रॅम आहे. याहून कमी द्रव्यें असलेल्या पाण्यास क्षार काढणारीं यंत्रें लावण्याची मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें मे २०१९ मध्यें पर्यावरण मंत्रालयास दिला होता. कारण या शुद्धीकरणांत बरेंच पाणी वायां जातें. शिवाय क्षार मोजणारा तो खिशांतला मापक जंतु मोजीत नाहीं. हें सर्व सांगावें, आणि मग निर्णय घरच्या मंडळींवर सोपवावा.

खोटेपणा कार्यक्रमांत शिरतो तो बहुधा दृश्य ऐन वेळीं फसेल या भीतीनें. अमेरिकेंतील एनबीसी या कंपनीच्या ‘डेटलाइन’ कार्यक्रमांत १७ नोव्हेंबर १९९२ रोजीं जनरल मोटर्सच्या पिकअप मोटारींविषयीं एक भाग दाखविण्यांत आला. धडक बसतांच या मोटारी पेट घेतात असें दाखवावयाचें होतें. धडकेनंतर उठलेल्या ज्वाला प्रेक्षकांनीं पाहिल्या. परंतु आग खात्रीनें लागावी म्हणून मोटारीखालीं पेटविण्याचीं साधनें आधींच बांधलीं होतीं, हें त्यांस कोणी सांगितलें नाहीं. मोटार कंपनीनें तें हुडकून काढून फेब्रुवारी १९९३ मध्यें दावा लावला. एनबीसीस पडद्यावर क्षमा मागावी लागली, व पुढच्याच महिन्यांत तिच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष मायकेल गार्टनर यांनीं राजीनामा दिला. वाईट याचें वाटतें कीं, त्या मोटारींच्या टाकीविषयीं अपघातग्रस्तांचे खरे दावे त्या वेळीं न्यायालयांत चालूच होते. एका बनावट ठिणगीनें खऱ्या तक्रारीचें तेज घालविलें.

दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे, आणि कार्यक्रम आखणारांनीं तेंच अधिक ध्यानांत ठेवावें. बीबीसीच्या ‘टॉप गियर’ या लोकप्रिय कार्यक्रमानें डिसेंबर २००८ मध्यें टेस्ला कंपनीची ‘रोडस्टर’ ही विजेची मोटार तपासली. कंपनी २०० मैलांची ग्वाही देते, पण आमच्या धावपट्टीवर ती ५५ मैलांतच थांबेल, असें सूत्रधार जेरेमी क्लार्कसन यांनीं सांगितलें, आणि मोटार ढकलीत आंत नेतांना दाखविली. वीज वस्तुतः संपली नव्हती. संपल्यास काय होईल तें दाखविलें, असा खुलासा बीबीसीनें मागाहून केला. कंपनी २०११ सालीं न्यायालयांत गेली व हरली. मार्च २०१३ मध्यें तिचें अपीलही फेटाळलें गेलें. कायद्यानें बीबीसी सुटली. परंतु न्यायालयांत टिकणें ही प्रामाणिकपणाची पहिली इयत्ता होय, शेवटची नव्हे. ‘हा केवळ देखावा आहे’ अशी एक ओळ त्या दृश्यावर तेव्हांच झळकली असती, तर हंशा तेवढाच पिकला असता आणि कोणाचा गैरसमजही झाला नसता.

न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून होतो तो वाद. आपला पक्ष जिंकावा म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खंडन करणें ती वितंडा. यंत्रपरीक्षणाचेही हेच तीन प्रकार आहेत. उत्पादकाकडून वस्तु किंवा पैसा घेऊन केलेली स्तुति हा जल्प. हंशासाठीं प्रत्येक वस्तूची टवाळी करणें ही वितंडा. आणि ही टवाळी आजकाल निर्भीडपणा म्हणून खपते, हें विशेष. वस्तु कशी आहे तें आपणासही आधीं ठाऊक नाहीं, अशा बुद्धीनें केलेली परीक्षा तेवढी वाद या नांवास पात्र आहे.

परीक्षेची मांडणी कोणाच्या हातीं आहे, यावर सारें अवलंबून असतें. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा आहे. राजाला मालविका दिसावी म्हणून विदूषकानेंच तो कलह पेटविलेला असतो. पंचाच्या आसनावर परिव्राजिका कौशिकी बसते. गणदासाची शिष्या मालविका आपला प्रयोग करते, वाहवा होते, आणि हरदत्ताची पाळी येते तोंच मध्यान्ह झाल्याची ललकारी उठून त्याचा प्रयोग लांबणीवर पडतो! राजाचें काम झालेलें असतें, मग स्पर्धेची गरज कोणास? नाटकांत हें गोड वाटतें. बाजारांत अशी परीक्षा घेणारांपासून मात्र सावध राहावें.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं पहिला नेम सांगितला तो हा: वस्तु दुकानांतून, नांव न सांगतां, स्वतःच्या पैशानें विकत घ्यावी. अमेरिकेंत १९३६ सालीं स्थापन झालेल्या ‘कन्झ्यूमर्स युनियन’ या संस्थेनें हाच नेम धरला, आणि आपल्या ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ मासिकांत जाहिरात घेण्याचें नाकारलें. आपल्याकडे अहमदाबाद येथें १९७८ सालीं निघालेल्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्रानें प्रयोगशाळा उभारून वस्तूंच्या तुलनात्मक परीक्षा केल्या. वाहिनी जाहिरातींवरच जगते हें आम्ही जाणतों. तथापि ज्या जातीच्या वस्तूची परीक्षा असेल तिची जाहिरात निदान त्या अर्ध्या तासांत नको, आणि परीक्षा आटोपल्यावर वस्तु विकून आलेल्या पैशांत पुढची घ्यावी. उत्पादकाशीं कांहीं संबंध असलाच तर तो उघड सांगणें हें जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणें कर्तव्यच आहे.

दुसरा नेम: कसोटी आधीं ठरवून प्रेक्षकांस सांगावी. मिक्सर असेल तर सुकें खोबरें, ओलें वाटण आणि पुरण, असे तीन पदार्थ. वेळ किती लागला, भांडें किती तापलें, पात्याखालीं किती राहिलें, आणि शेजारच्या खोलींत निजलेलें मूल उठलें कीं नाहीं! निकाल देण्याचा मान माहितीपत्रक वाचणाऱ्या चिरंजीवांस न देतां, जी सून तो मिक्सर रोज चालविते तिला द्यावा. मोबाईल असेल तर तो पंचाहत्तर वर्षांच्या आजीबाईंच्या हातीं महिनाभर ठेवावा व त्या काय म्हणतात तें न कापतां ऐकवावें. तिघांचीं मतें तीन निघालीं तर तींही तशींच दाखवावीं. घरांतला खरा मतभेद लिहून दिलेल्या विनोदाहून अधिक हंसवितो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगणें नलगे.

तिसरा नेम असा कीं, वर्षानें त्याच वस्तूकडे परत जावें. बिघडली काय, दुरुस्तीस माणूस किती दिवसांनीं आला, सुटा भाग मिळाला काय व केवढ्यास मिळाला, हें नव्या वस्तूच्या परीक्षेंत कधींच कळत नाहीं. आणि चूक झाल्यास ती पुढच्या भागाच्या आरंभींच सांगावी. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’नें जानेवारी २००७ मध्यें तान्ह्या मुलांच्या मोटारींतील आसनांविषयीं कठोर निकाल प्रसिद्ध केला होता; चाचणींतली धडक ठरल्याहून पुष्कळ अधिक वेगानें झाली असें आढळतांच तिनें तो त्याच महिन्यांत उघडपणें मागें घेतला. अशानें पत गेली असें आम्हांस वाटत नाहीं. जो चूक कबूल करतो त्याच्या स्तुतीलाही किंमत येते.

राहिली रूक्षपणाची भीति. कुस्तीच्या फडाला माणसें लोटतात तीं कोण चीत होईल हें ठाऊक नसतें म्हणून. नुरा कुस्ती आहे असा वास आला कीं फड ओस पडतो. यंत्रपरीक्षेचेंही तसेंच आहे. जींत परीक्षकालाही निकाल ठाऊक नाहीं अशी खरी परीक्षा मुळांतच रंजक असते, तिला वरून नाटकाची फोडणी लागत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याची मालिका निघेल तेव्हां निघो. तोंवर घरांत असा कोणताही कार्यक्रम लागला म्हणजे तीन गोष्टी पाहाव्या: वस्तु कोणाच्या पैशानें आली, कसोटी आधीं सांगितली होती काय, आणि वर्षानें तिची विचारपूस कोणी करतो काय. यांचीं उत्तरें ज्या कार्यक्रमांत मिळत नाहींत, तो करमणूक म्हणून खुशाल पाहावा. मात्र त्याच्या भरंवशावर पैशाची पेटी उघडूं नये.