शिबिर झालं, अर्ज राहिला

आमच्या कामशेतला कायद्याचे विद्यार्थी येतात, मोफत सल्ल्याचं शिबिर घेतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या लोकलने पुण्याला परत. मागच्या वेळी एका मावशींनी विचारलं, सातबाऱ्यावर वारस नोंद होत नाही, काय करू? उत्तर मिळालं, "आजी, वकील लावा." अहो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो! केसमध्ये तथ्य हवं, एवढंच. विद्यार्थ्यांना कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नाही, मान्य. पण वडगावच्या तालुका विधी सेवा समितीला साधा अर्ज लिहून द्यायला सनद लागते का? शेवटी तो मीच लिहिला, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तराने.