‘आधी वजन कमी करा, मग बोलू’

दोन वर्षांपूर्वी मी आपाला घेऊन एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. आपा 44 वर्षांची, वजन 86 किलो. रिक्षात तिने मला तीनदा सांगितलं, ‘तूच बोल गं, मेरे से नै होता.’ म्हणून मीच बोलले. संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं. इच्छाच राहिलेली नाही. खोकलं की लघवीचे थेंब जातात. डॉक्टरांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, ‘आधी वजन कमी करा, मग बोलू.’ पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

हा सल्ला खोटा नव्हता. वजन आणि लैंगिक आरोग्य यांचा संबंध खराच आहे. जास्त वजनासोबत मधुमेह, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी, गुडघेदुखी, झोपेचे त्रास येतात आणि यातली प्रत्येक गोष्ट शयनगृहापर्यंत पोहोचते. वजन उतरलं तर फायदा होतो, हेही सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत 338 जाड स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आहार-व्यायामाने ज्यांचं वजन सरासरी 8 टक्के घटलं, त्यांचं लघवी गळण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. नुसती माहिती दिलेल्या गटात ते 28 टक्क्यांनी कमी झालं. मधुमेही स्त्रियांवरच्या तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात, ज्यांना आधी लैंगिक तक्रारी होत्या त्यांपैकी 28 टक्के स्त्रियांच्या तक्रारी वर्षभरात दूर झाल्या. वजन कमी करण्याचा कार्यक्रम न मिळालेल्या गटात हे प्रमाण 11 टक्के होतं.

हे आकडे नीट वाचले तर दोन गोष्टी दिसतात. एक, त्यासाठी कुणाला बारीक व्हावं लागलं नाही. 86 किलोच्या बाईसाठी 8 टक्के म्हणजे सातच किलो. पीसीओएस असलेल्या मुलींची पाळीसुद्धा 5 ते 10 टक्के वजन घटलं तरी सुधारू शकते. दुसरी गोष्ट, 28 टक्क्यांच्या तक्रारी गेल्या म्हणजे बाकीच्यांच्या उरल्या. वजन हे एक कारण आहे, एकमेव नाही. थायरॉइड, नैराश्य, नैराश्यावरच्याच काही गोळ्या, पाळी जाण्याच्या वयात येणारा कोरडेपणा, घरातला अबोला, हे सगळं बारीक बाईलाही होतं. फरक एवढाच की बारीक बाईला तपासलं जातं आणि जाड बाईला वजनकाट्याकडे पाठवलं जातं.

आपाच्या बाबतीत तेच झालं. तीन महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी तिची साखर तपासली. ती बरीच वाढलेली निघाली. वाढलेल्या साखरेमुळे योनीत बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत होता. आग आणि दुखणं त्याचंच होतं. औषध सुरू झालं आणि दोन आठवड्यांत त्रास थांबला. तोवर वजन एक किलोनेही उतरलेलं नव्हतं! लघवी अडवताना जे स्नायू आपण आवळतो, त्यांचा रोजचा व्यायाम बाईंनी शिकवला. मग साखरेसाठी म्हणून आपा पहाटे चालायला लागली. आज ती 80 किलोची आहे. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण नमाजला उभं राहिल्यावर वुजू टिकेल की नाही, ही धास्ती गेली. लग्नाकार्याला जाऊ लागली. एकदा हळूच म्हणाली, ‘आता रात्रीची भीती वाटत नाही.’

माझं म्हणणं असं, की वजन कमी करणं हा उपचाराचा भाग असावा, उपचार मिळण्याची अट नसावी. आणि ते कुणासाठी करायचं, हेही ठरवायला हवं. आपल्याकडे बाईला वजनावरून बोलतात ते तिच्या तब्येतीच्या काळजीने नाही. नवऱ्याची नजर दुसरीकडे जाईल, ही ती धमकी असते. त्या धमकीने बाई उपाशी राहते, आठ दिवसांनी सोडून देते आणि स्वतःच्या अंगाची आणखी लाज बाळगते. जिला दिवा लावलेला चालत नाही, तिला इच्छा कुठून होणार?

पुरुषांचं पोट मात्र कुणी मोजत नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या आणि पुरुष 23 टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. जाडीने पुरुषाची लैंगिक क्षमताही कमी होते. पण त्याच्यासाठी ‘मर्दाना ताकद’च्या जाहिरातींनी भिंती रंगवलेल्या असतात. बाईच्या तक्रारीला साधं नावही नाही.

आमच्या घरांत या विषयावर हया म्हणून पडदा टाकतात. पण अन्सारी स्त्रियांचं कौतुक करताना हजरत आयशा म्हणाल्या होत्या, की दीन समजून घेताना त्यांना लाज आड आली नाही. त्या स्त्रिया पाळीबद्दल, गुस्लबद्दल थेट विचारत. तब्येतीबद्दल विचारायला मग आपण का लाजावं?

तेव्हा भगिनींनो, डॉक्टरांनी ‘आधी वजन’ म्हटलं तर उठू नका. ‘वजन कमी करते, पण आज मला तपासा. साखर बघा, थायरॉइड बघा, दुखतं कुठे ते बघा,’ असं सांगा. आणि सोबत एखादी आपा, एखादी लहान बहीण घेऊन जा. एकीचा आवाज बसला तर दुसरी बोलेल.