गुटगुटीत पिल्लू

रस्त्यावरचं पिल्लू कुणी घरी आणलं की बघणारा हमखास म्हणतो, "कसलं गुटगुटीत आहे हो!" पाय काड्यांसारखे, केस निस्तेज आणि पोट तेवढं गोल गरगरीत. हे बाळसं नव्हे मंडळी, बहुतेक वेळा हे जंत असतात. गोलकृमीच्या अळ्या पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात शिरतात, अंकुशकृमी दुधातून येतात. औषध कधीच न मिळालेल्या गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू जंतांशिवाय सापडणं विरळाच.

कुत्र्यांवर हल्ली बोलणं भरपूर होतं, पण ते सगळं चावण्याबद्दल. सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लस यांच्यासोबत जंतनाशकाचाही उल्लेख होता. तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणी त्याबद्दल बोलताना मी तरी ऐकलं नाही. चावणारं कुत्रं दिसतं, जंत दिसत नाही. दुसरं काय!

आपल्या बीड जिल्ह्याने काळजी करावी असा एक जंत आहे, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याला फारसा त्रासही देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ती शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. शेळी कापली की गाठी असलेलं ते काळीज खराब म्हणून फेकलं जातं. कुणापुढे? दुकानाबाहेर बसलेल्या कुत्र्यापुढेच! की चक्र पुन्हा सुरू. घरोघरी शेळ्या असलेल्या या जिल्ह्यात त्या चक्राला काहीच कमी पडत नाही.

माणूस यात विनाकारण सापडतो. हाताला, भाजीला लागलेली अंडी पोटात गेली की यकृतात तीच गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. ऑपरेशन करतानाही जपावं लागतं, गाठ फुटली तर जिवावर बेतू शकतं. (मटण खाऊन हा रोग होत नाही, खवय्यांनी घाबरू नये.)

हे थांबवता येतं. आइसलंडमध्ये १८६३ साली हाराल्ड क्राब्बे यांनी शंभर कुत्री तपासली, त्यांतल्या २८ मध्ये हा जंत निघाला. पुढे लोकांना समजावलं, कुत्र्यांना औषध दिलं, कापलेल्या जनावराची आतडी-काळीज त्यांना मिळू दिलं नाही. विसाव्या शतकात तिथून हा रोग हद्दपार झाला. तेव्हा आजच्यासारखी औषधंही नव्हती.

आपल्याकडे प्राझिक्वांटेल सहज मिळतं. अल्बेंडाझोलच्या एखाद्या गोळीवर या जंताचं भागत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आणि एकदा देऊन मोकळं होता येत नाही. नसबंदी करून आणून सोडलेलं कुत्रं पुन्हा त्याच खाटकापुढे बसणार, मग महिन्या-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. निवारा केंद्रांतही तेच. दाटीवाटीने कुत्री ठेवायची, विष्ठा रोज उचलायची नाही, मग आल्या दिवशी दिलेल्या गोळीचा उपयोग किती दिवस?

म्हणून माझं स्पष्ट मत, की ही गोळी रोज भाकरी घालणाऱ्यांच्या हातात द्यावी. कुत्रं त्यांच्याकडे आपणहून येतं, जाळी घेऊन मागे धावावं लागत नाही. वजनानुसार किती द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. खाटकांनी खराब काळीज पुरायचं, त्यासाठी खड्डा नगरपालिकेने करून द्यायचा.

राहता राहिली ऊसतोडीला जाणारी कुत्री. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, काहींची कुत्री गाडीमागे जातात, काहींची गावातच उपाशी राहतात आणि मिळेल ते खातात. त्यांना गोळी निघण्याआधी द्यावी की परतल्यावर, हे जाणकारांनी सांगावं. मला विचाराल तर दोन्ही वेळा.