रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

प्रशांतचंद्र महालनोबिस यांची जयंती, २९ जून, देशभर राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळली जाते. नेमक्या त्याच सुमारास मोसमी पाऊस देश व्यापत असतो आणि त्याचे आकडे पुढे अनेक विद्यार्थी आपल्या प्रकल्पांसाठी एक्सेलमध्ये भरतात. सांख्यिकीची खरी परीक्षा सुरू होते ती तिथे.

समजा, एका पर्जन्यमापकाच्या पाच दिवसांच्या नोंदी अशा आहेत: १२, ०, रिकामी, ३० आणि १८ मिलिमीटर. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे मोजणीच झाली नाही. एक्सेलचे सरासरीचे सूत्र रिकामा रकाना वगळते आणि १५ हे उत्तर देते. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून तिथे शून्य भरले, तर उत्तर १२ येते. कोणी ‘३०’ऐवजी ‘३० मिमी’ असे टंकले, तर एक्सेल त्याला अक्षरे समजून गाळते आणि उत्तर १० होते. पाऊस तोच, सरासऱ्या तीन. आणि संगणक एकदाही इशारा देत नाही.

प्रमाण विचलनाचेही तसेच. वरील चार नोंदींवरून मोठ्या कालखंडाचा अंदाज बांधायचा असेल, तर वर्गांच्या बेरजेला तीनने भागावे लागते. या चारच नोंदींचे वर्णन करायचे असेल, तर चारने. पहिले उत्तर सुमारे १२.५, दुसरे १०.८. दोन्ही सूत्रे एक्सेलच्या यादीत शेजारी शेजारी असतात. निवड मात्र प्रश्न समजलेल्या माणसानेच करायची असते.

हा केवळ नवशिक्यांचा दोष नाही. एक्सेल काही मानवी जनुकांच्या नावांचे तारखांत रूपांतर करत असे. अखेर नामकरण समितीने ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारखी नावेच बदलली. ते २०२० मध्ये जाहीर झाले.

पायथन किंवा आर शिकवले की प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. परंतु रिकाम्या जागी एकदा शून्य लिहिले गेले, की कोणतीही संगणकभाषा ती हरवलेली माहिती परत आणू शकत नाही.

महालनोबिसांनी बंगालमधील पीक-पाहण्यांत एकाच क्षेत्राचे नमुने स्वतंत्र पथकांकडून तपासून घेतले. दोन उत्तरांतील तफावत हेच त्यांच्या लेखी चुकीचे माप होते. आकडा हाती येताच त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्या पद्धतीचा गाभा.

आपल्या महाविद्यालयांत गुण मिळतात ते आलेखाला आणि निष्कर्षाला. ते मूळ तक्त्यालाही मिळायला हवेत. कच्च्या नोंदींची शीट अबाधित राहावी, दुरुस्त्या वेगळ्या शीटवर व्हाव्यात आणि प्रत्येक रिकाम्या जागेसमोर तिचे कारण लिहिलेले असावे. यासाठी नवे उपकरण लागत नाही, अनुदानही लागत नाही. ‘माहीत नाही’ हे प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाणार नाहीत, एवढी हमी पुरेशी आहे.