भांडी कोण घासतं?

हॉटेलाच्या स्वयंपाकघरात जमणाऱ्या प्रेमप्रकरणांवर जे सिनेमे निघतात, त्यांच्याशी माझं उघड वैर आहे. हे मी इथे छापून जाहीर करतो, म्हणजे पुढे आमच्या घरात कोणी 'आधी बोलला नाहीत' असं म्हणायला नको.

तुम्हीही हे सिनेमे पाहिले असतील. स्वयंपाकघर आमच्या शाखेच्या हॉलपेक्षा मोठं. नायकाच्या अंगात पांढराशुभ्र कोट, आणि तो सिनेमा संपेपर्यंत पांढराशुभ्रच राहतो. मी आयुष्यात एकदा हळदीचा डबा उघडला होता. तो शर्ट आमच्या हिने अजून पुरावा म्हणून जपून ठेवलाय. कोथिंबीर चिरताना नायक-नायिकेची बोटं एकमेकांना लागतात आणि कुठूनतरी व्हायोलिन वाजतं. आमच्याकडे एका ओट्यापाशी दोन माणसं उभी राहिली, तर वाजतं ते भांड्याला भांडं.

बरं, हा रोग एका देशापुरता नाही. जर्मनीत 2001 साली 'बेला मार्था' आला. कडक शिस्तीची आचारीण, तिच्या राज्यात गाणी लावणारा मनमौजी मदतनीस, आधी भांडण, मग प्रेम. हॉलिवूडने 2007 साली त्याच वरणाला दुसऱ्यांदा फोडणी दिली आणि नाव ठेवलं 'नो रिझर्व्हेशन्स'. त्याच वर्षी आपल्याकडे आर. बाल्की यांचा 'चीनी कम' आला. लंडनमधलं हॉटेल, 64 वर्षांचा आचारी अमिताभ बच्चन आणि 34 वर्षांची तब्बू. पुलाव गोड झाला म्हणून ती परत पाठवते आणि तिथून प्रकरण जमतं.

आता मी पडलो बी.कॉम. माझा जीव त्या पुलावात अडकला. परत आलेला पुलाव नावे कोणाच्या टाकला? केशराचे पैसे कुठल्या खात्यातून गेले? गॅसचं बिल, पोऱ्यांचे पगार, उरलेलं अन्न, यातलं काही म्हणजे काही पडद्यावर दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे, भांडी कोण घासतं? दोन-अडीच तास शेकडो ताटं बाहेर जातात. एकही खरकटं ताट आत येताना कॅमेऱ्याला दिसत नाही. बहुधा गिऱ्हाइकं ताटासकट जेवत असावीत.

सचिन कुंडलकर यांचा 'गुलाबजाम' (2018) मात्र मी शिव्या घालायच्या तयारीने पाहायला बसलो आणि गप्प राहिलो. त्यातली सोनाली कुलकर्णीची राधा पुण्यात डबे करते, आणि ते काम कामासारखं दिसतं. माझी तक्रार एवढीच, की नायक स्वयंपाक शिकण्यासाठी लंडनमधली बँकेची नोकरी सोडून येतो. सिनेमात बँकेची नोकरी ही सोडण्यासाठीच असते. मी ती सोडायचं नुसतं मनात आणलं, तरी गृहकर्जाचा हप्ता दारात येऊन उभा राहील.

तर हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या शाखेची सहल निघाली, ती बोदलकसा तलावावर. तिरोडा तालुक्यातलं हे ठिकाण. भोवती जंगल आणि टेकड्या, पलीकडे नागझिरा, पाण्यावर पाखरं. तलाव पाहून झाला (पंधरा मिनिटं) आणि मंडळी जेवणाकडे वळली (दोन तास). रस्त्याकडेला टिनाचं छप्पर होतं. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा. आमच्या हेडकॅशियरनी तीनदा भात घेतला आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, हाताला चव आहे हो तुमच्या!"

भाऊंनी हात जोडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, ओळखलं नाही का जी? लोनचा फारम तुमीच भरून देल्ला होता."

मग आठवलं. मुद्रा योजनेचा अर्ज. या योजनेत 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात, त्याच्या वर 'किशोर' आणि 'तरुण'. ('चीनी कम'च्या नायकासाठी आमच्याकडे गट नाही.) यांचा अर्ज शिशुतला. तो परत गेला, कारण नवऱ्याच्या नावावर जुन्या मोटारसायकलच्या कर्जाची थकबाकी होती.

आमची ही हात धुवायला म्हणून मागे गेली ती अर्धा तास आलीच नाही. शोधायला गेलो. मागे चूल, धूर, आणि चुलीपुढे बाई. पहाटे चारला उठून पन्नास-साठ माणसांचा सैपाक तीच करते. भाऊ बाजार करतात, वाढतात आणि हात जोडतात.

गर्दी ओसरल्यावर भाऊ मागे आले. काही न बोलता उकिडवे बसले आणि तळाशी काळा झालेला भाताचा भलामोठा गंज राखेने घासायला लागले. थंडीत बाईंच्या बोटांना भेगा पडतात, म्हणून गंज तेच घासतात, असं हिने मला कुजबुजत सांगितलं.

"पानी टाक."

"टाकतो ना जी. घाई कायची?"

संवाद संपला. व्हायोलिन नाही. मी म्हणतो, बाल्कींनी हे दाखवावं! पण नाही दाखवणार. गंज काळा असतो, आणि कोट पांढरा राहायला हवा.

परतीच्या गाडीत गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. माझं लक्ष नव्हतं. त्या अर्जात पत्नीच्या व्यवसायाचा एक रकाना होता. मी विचारलं होतं, "बाई काय करतात?" भाऊ म्हणाले होते, "घरीच असते जी." आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गृहिणी'. आचारी मागे चुलीपाशी आणि टाळ्या गल्ल्यावर, ही पटकथा काही मुंबईत किंवा लंडनमध्ये लिहिलेली नव्हती. बाईंच्या नावावर एक पैशाची थकबाकी नव्हती. अर्ज त्यांच्याच नावाने करता आला असता. मी विचारलंच नाही, कारण रकाना भरला होता आणि रांगेत मागे अकरा माणसं होती.

सोमवारी कोरा फॉर्म घेतला. पुढच्या आठवड्यात दोघं आली. अर्जदार म्हणून बाईंचं नाव घातलं आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं : 'खानावळ. स्वयंपाक स्वतः.' बाईंनी सही करायला वेळ घेतला, आणि मागच्या रांगेला मी थांबायला सांगितलं. मंजुरी माझ्या हातात नाही, मी कारकून आहे. फाइल साहेबांच्या टेबलावर आहे आणि मी रोज एकदा तिच्यावरची धूळ पुसतो.

हा सगळा पराक्रम मी रात्री जेवताना हिला रंगवून सांगितला. ती शांतपणे ऐकत होती. मग माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "आपल्या जॉइंट खात्याचा फॉर्मही तुम्हीच भरला होता ना? त्यात माझ्यापुढे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "आज ताटं मी उचलतो."

"ताटं नको," ती म्हणाली. "कुकर घासा. खाली लागलाय."