विषारी कचऱ्याला परतीची वाट

वडगाव निंबाळकर, होळ, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर हा नीरा डाव्या कालव्याचा बागायती पट्टा. उसाच्या जोडीला दारात संकरित गाई, आणि पुढे इंदापूरकडे डाळिंब-द्राक्षांच्या बागा. इथल्या घरांतून निघणाऱ्या घातक कचऱ्याचा विचार शहराच्या यादीवरून करून चालणार नाही. शहरातल्या घरात रंगाचा डबा, ॲसिडची बाटली, जुना मोबाइल निघेल. इथे तणनाशकाचा कॅन गोठ्याच्या वळचणीला असतो, कीटकनाशकाची अर्धी उरलेली बाटली माळ्यावर, गाईला दिलेल्या इंजेक्शनची सुई गव्हाणीजवळ आणि मधुमेही आजीच्या इन्सुलिनच्या सुया फडताळात. शेत आणि घर यांच्यात भिंत नाही, म्हणून शेतातले विषही अखेर घरचाच कचरा होते आणि घंटागाडीत भाजीच्या देठांसोबत येऊन पडते. ते उघड्या हातांनी वेगळे करणारा माणूस ग्रामपंचायतीचा कर्मचारी असतो.

आपण सारे, ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच, सफाई आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, या माणसाला जबाबदार आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा कचरा ज्या दुकानातून गावात आला त्याच वाटेने तो गावाबाहेर गेला पाहिजे, आणि ती वाट आखून देणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

कायद्याने या कचऱ्याची दखल बरीच आधी घेतली. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या आहे. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल आणि ट्यूब, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, बॅटऱ्या, वापरलेल्या सुया आणि सिरिंज हे सगळे तिच्यात येते. दर २० चौरस किलोमीटरला निदान एक संकलन केंद्र असावे, असेही त्यात म्हटले होते. मात्र त्या नियमांचा रोख नागरी संस्था आणि जनगणना शहरांवर होता. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले. हे चांगले झाले. पण चौथ्या डब्यातला माल पुढे कुठे जाणार, याचे उत्तर गावाला स्वतःच उभे करावे लागेल. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये धरलेले होते. त्यातून खतखड्डे आणि गाड्या झाल्या. विषाच्या बाटलीसाठी कुलपाची खोली क्वचितच कोणाच्या आराखड्यात दिसते.

सर्वांत मोठा प्रश्न या बाटलीचाच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. रिकामी दिसणारी बाटली रिकामी नसते. तळाला आणि भिंतीला चिकटलेले औषध ती फेकल्यावर पावसाने निथळते आणि चारीतून कालव्याकडे जाते. काही बाटल्या बांधावर पडून राहतात आणि पाचट पेटवले की त्याबरोबर जळतात. अर्धवट जळणाऱ्या प्लॅस्टिकचा आणि औषधाचा तो धूर शेजारच्या वस्तीत शिरतो. पाच-दहा लिटरचे कॅन तर फेकलेही जात नाहीत. ते धुऊन डिझेलला, दुधाला, कधी पाण्याला वापरले जातात. सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचे छत्रपती या कारखान्यांसाठी येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर पाणी साठवायला भांडी कमी असतात. असा कॅन तिथे पोहोचला, तर तो कशाचा होता हे विचारायला कोणी नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते फवारताना घडले, पण औषध तेच असते आणि बाटलीतला अंशही तोच.

उपाय अवघड नाही. बाटली रिकामी झाली की पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे, आणि असे तीनदा करायचे. मग तळाला खिळ्याने भोके पाडायची, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. पाणी विहिरीच्या काठावर किंवा पाणंदीत ओतायचे नाही. फॉइलची पाकिटे अशी धुता येत नाहीत, ती वेगळ्या जाड पिशवीत बांधून ठेवावीत. कीटकनाशक नियम, १९७१ मधला ४४ वा नियम सांगतो की पॅकिंग पुन्हा वापरात येईल असे बाहेर टाकू नये, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावे. कालव्याखालच्या आपल्या काळ्या जमिनीत, जिथे पाणी वरच लागते, तिथे पुरणे आम्हाला योग्य वाटत नाही. तीनदा धुतलेली बाटली परत घेणे हाच चांगला मार्ग आहे.

आणि तो कुठेतरी यशस्वी झालेला मार्ग आहे. ब्राझीलमध्ये २००० सालच्या कायद्याने शेतकऱ्यावर धुतलेली बाटली परत करण्याचे, विक्रेत्यावर ती कुठे द्यायची तो पत्ता बिलावर छापण्याचे आणि उत्पादकावर ती उचलून नेण्याचे बंधन घातले. शेतकऱ्याला त्यासाठी एक वर्ष मिळते. २००२ पासून तिथे ही व्यवस्था चालू आहे आणि थेट औषधाला लागणाऱ्या प्लॅस्टिक पॅकिंगपैकी ९० टक्क्यांहून अधिक परत येते. आपल्याकडेही २०२२ पासून प्लॅस्टिक पॅकिंगची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर आहे. वडगाव निंबाळकरच्या पेठेतल्या कृषी सेवा केंद्राच्या बिलावर 'धुतलेली बाटली येथे परत आणा' एवढे छापायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

बाटलीपेक्षाही धोकादायक आहे जुना साठा. हुमणीसाठी उसात फोरेट टाकण्याची सवय आपल्या पट्ट्यात जुनी. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्याच दिवशी डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉसही बंद झाले. ज्याच्या माळ्यावर अशी पिशवी राहिली असेल, त्याने ती वापरूही नये, पुरूही नये आणि जाळूही नये. ग्रामपंचायतीने एक दिवस ठरवून असा साठा बंद डब्यात गोळा करावा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शनाने रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या घातक कचरा प्रक्रिया प्रकल्पाकडे पाठवण्याची मागणी करावी. एका ग्रामपंचायतीचा माल थोडा असतो, म्हणून पाच-सहा गावांनी एकत्र यावे.

सुयांचा मार्ग आणखी जवळचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा जैववैद्यकीय कचरा न्यायला गाडी ठरलेली असते. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लॅस्टिक डब्यात साठवून तिथे द्यायच्या, ही सोय आशाताईंच्या मदतीने कोणत्याही गावाला लावता येईल. गोठ्यातल्या सुयांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात असाच डबा हवा. औषधांबाबत केरळने एन-प्राऊड नावाने परत घेण्याची मोहीम सुरू केली आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांत १७ औषधेच शौचालयात टाकता येतील अशी सांगितली, बाकीची परत देण्यासाठी आहेत. शोषखड्डा आणि विहीर एकाच वाड्यात असलेल्या गावात शौचालय ही औषधांची जागा नव्हे.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. त्या न फोडता खोक्यात ठेवाव्यात, आणि नवी खरेदी एलईडीचीच करावी. इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी दुकानदार परत घेतो, ती भंगारात देऊ नये. ती उघडणारा कामगार शिसे आणि ॲसिड अंगावर घेतो.

पण हे सारे झाले निघालेल्या कचऱ्याबद्दल. घरात विष कमी आले, तर परतही कमी करावे लागेल. एकरी मात्रा काढून तेवढीच बाटली घेणे, वाढीव औषध शेजाऱ्याच्या शेतात वापरणे, खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावणे, वळीव पडला की रात्री कडुनिंब-बाभळीवरचे हुमणीचे भुंगेरे गोळा करणे, हे उपाय शेतकऱ्याला माहीत आहेत. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आणि कारखान्यांचे ऊसविकास विभाग त्यासाठी हाताशी आहेत. भुंगेरे एकट्याच्या शेतात गोळा करून भागत नाही, ते गावाने एकाच आठवड्यात करावे लागते. तिथे पुन्हा ग्रामपंचायतच पुढाकार घेऊ शकते.

गाळप सुरू होऊन टोळ्या येण्याआधी ग्रामपंचायतीकडे थोडेच दिवस उरतात. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्यावेत: कृषी सेवा केंद्रांच्या बिलावर परतीची सूचना, आरोग्य केंद्रात सुयांचा डबा आणि गावातल्या एका खोलीला कुलूप. घंटागाडीवरच्या कर्मचाऱ्याला जाड हातमोजे आणि बूट हे त्याच दिवशी द्यावेत, त्यासाठी ठरावाचीही वाट पाहू नये.