खेळ लेकराचा, कड आपली



शिरूर आणि दौंड हे तालुके तसे कबड्डी-कुस्तीचे. घोड नदीच्या आणि भीमेच्या काठच्या गावांत तालीम जुनी, फुटबॉल नवा. तरी तो अगदीच परका नाही. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. रेल्वे जिथे गेली तिथे तिच्या वसाहतीबरोबर फुटबॉलही गेला. पुढे १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला आणि त्यासाठी शाळांना चेंडू वाटले. आता मुरमाच्या मैदानावर, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट तर कुणी अनवाणी, अशी आपली मुले-मुली चेंडूमागे धावताना दिसतात.

अशा वेळी घरातल्या मोठ्या माणसांनी काय करावे, याविषयी आज बोलू.

आमच्या पाहण्यात दोन तऱ्हेचे आईबाप येतात. पहिले म्हणतात, "चेंडू लाथाडून पोट भरते का? पुस्तक घे." दुसरे याच्या उलट. मुलाने शाळेच्या मॅचमध्ये दोन गोल मारले की त्यांना तो पोलीस भरतीत, रेल्वेत, टीव्हीवर दिसू लागतो. मग सकाळी पाचला उठवणे, उधारीवर बूट घेणे आणि एखादी मॅच हरला की चार दिवस अबोला. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक वाटतात. पण दोघांच्याही मनात प्रश्न एकच असतो: यातून आपल्याला मिळणार काय?

हा प्रश्न चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाने हिशेब करायचा नाही, तर कोणी करायचा? राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण ते नुसते संघात खेळल्याने मिळत नाही, वरच्या स्पर्धांत क्रमांक काढावा लागतो. म्हणून हिशेब करायचाच तर पुरता करू या.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे उदाहरण घ्या. वडील रिक्षाचालक. मुलाची चमक दिसली, तेव्हा त्याला लहान वयात घरापासून दूर, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि अनिकेत भारताकडून खेळला. अभिमानाचीच गोष्ट. पण त्या संघात साऱ्या देशातून मुले होती फक्त एकवीस! आणि ही निवडलेली एकवीस मुलेही तिन्ही सामने हरली. अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. म्हणून ती नालायक ठरली काय? मुळीच नाही. त्यांच्यापैकी जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध मारलेला गोल हा फुटबॉलच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल आहे.

सांगायचे ते इतकेच की देशातली उत्तम मुलेही हरतात. मग सहावीतल्या आपल्या पोराने तालुक्याला मॅच हरली तर घरात सुतक कशाला? आणि लाखातून एकवीस निवडले जात असतील तर बाकीच्यांचा खेळ फुकट गेला काय?

त्याचे उत्तर नागपूरने दिले आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटकी बादली फुटबॉलसारखी खेळताना दिसली. तिथून 'स्लम सॉकर'चे काम उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल, तो याच कामावरून. तिथे खेळलेली सगळी मुले काही मोठी खेळाडू झाली नाहीत. पण वेळेवर येणे, दुसऱ्याला पास देणे, हरल्यावरही समोरच्याशी हात मिळवणे, या गोष्टी नोकरी लागो न लागो, माणसाच्या अंगी राहतात. शिवाय त्या दोन तासांत पोरगा गुटख्याच्या टपरीवर नसतो, हाही हिशेबच आहे.

आता मैदानाकडे वळू. मुलगा खेळत असताना बाप कडेवरून ओरडतो, "मार, शूट मार!" सर सांगत असतात, "पास दे." बिचारे पोर चेंडू पायात घेऊन बापाकडे बघते आणि तेवढ्यात समोरचा चेंडू काढून नेतो. शिकवणे हे सरांचे काम, ते त्यांना करू द्यावे. आपण टाळ्या वाजवाव्यात. समोरच्या संघातल्या मुलाने चांगला खेळ केला तर त्यालाही वाजवाव्यात, तोही कुणाचे तरी लेकरू आहे.

रेफ्रीला शिव्या देणे तर कटाक्षाने टाळावे. शाळेच्या मॅचला पुष्कळदा एखादे शिक्षक किंवा कॉलेजचा मुलगाच शिट्टी घेऊन उभा असतो. हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये पालकांच्या शिवीगाळीला कंटाळून रेफ्री काम सोडू लागले, तेव्हा २००८ साली तिथल्या फुटबॉल संघटनेला 'आदर' या नावाची मोहीम काढावी लागली आणि पालकांना मैदानापासून मागे, आखून दिलेल्या जागेत उभे करावे लागले. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

मात्र गप्प राहणे म्हणजे दबून राहणे नव्हे. आपल्या मुलाला वारंवार बाहेरच बसवले जात असेल, पाणी द्यायला आणि चेंडू आणायलाच ठेवले जात असेल, तर ते जरूर विचारावे. आपल्यापैकी पुष्कळांना शाळेच्या ऑफिसात पाय ठेवताना संकोच वाटतो. तो सोडावा. मॅचच्या गर्दीत नव्हे, दुसऱ्या दिवशी सरांना भेटून नीट शब्दांत विचारावे, "सर, याने काय सुधारायला पाहिजे?" योग्य कारण असेल तर ते कळेल. कारणच नसेल तर तेही कळेल, आणि मग मुख्याध्यापकांकडे जाण्याचा हक्क आपल्याला आहे.

सर्वांत नाजूक वेळ म्हणजे परतीचा प्रवास. शिरूरला रेल्वे नाही, म्हणजे एसटी. दौंडचे लोक पुण्याहून गाडीने येतात, पाऊणशे किलोमीटर. एवढा वेळ "तो गोल का घालवलास?" असा पंचनामा चालला तर पुढच्या वेळी पोरगा म्हणेल, "पप्पा, तुम्ही येऊ नका." हरल्याचे दुःख त्याला आपल्याहून जास्त असते. भूक लागली का, एवढे विचारावे. डबा उघडावा. बोलायचे असेल तर तो स्वतः बोलेल.

ज्यांना ड्यूटीमुळे मैदानावर जाताच येत नाही, त्यांनी मन खाऊ नये. रात्रपाळीहून आलेल्या बापाने "आज कसा झाला खेळ?" म्हणून पाच मिनिटे ऐकून घेतले, तरी मुलाला पुरते. आईने आदल्या रात्री मोजे धुऊन वाळत घातले, भाकरी-भाजी आणि पाण्याची मोठी बाटली बरोबर दिली, तर ती मैदानावर गेल्यासारखीच आहे. आपल्याकडचे ऊन कडक. पाणी कमी पडू देऊ नये. महागडे बूट नसले तरी चालतात, पण मापाचे हवेत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू असतो, पाच नंबरचा मोठ्यांचा.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. गुडघा खरचटला तर धुऊन हळद लावू, पण डोक्याला मार बसून मूल गरगरले, ओकले किंवा भलतेच बोलू लागले, तर त्याला लगेच बाहेर काढून डॉक्टरांकडे न्यावे. "काही होत नाही, खेळ" असे कोणी म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा उतरवू नये.

आणि भगिनींनो, मुलीविषयी. मुलगा खेळून आला की त्याच्यापुढे ताट येते. मुलगी खेळून आली की तिच्यापुढे भांडी येतात. मग दोन महिन्यांत तिचे खेळणे सुटते आणि आपण म्हणतो, तिलाच आवड नव्हती! संध्याकाळचा तो एक तास तिचा आहे, असे घराने ठरवावे आणि त्या वेळचे पाणी भावाने भरावे.

खेळ लेकराचा आहे. जिंकणे, हरणे, रडणे, पुन्हा उठणे, सगळे त्याचे त्याने करायचे आहे. आपल्या वाट्याला मैदानाची कड आली आहे. तिथे उभे राहून लेकराची कड घेणे एवढे आपल्याला जमले, तरी पुष्कळ झाले. येत्या रविवारी सुट्टी असेल तर जरूर जा. फक्त शिट्टी आणि सल्ला घरी ठेवून जा.